मनगट धरलं की सैल पडणारा हात

आज कराटेच्या क्लासवरून आले ती अजून तशीच बसलेय, म्हणून तुम्हा मैत्रिणींना लिहितेय.

तीन वर्षं एकच काता घोटतेय, म्हणजे एकटीनं हवेत करायच्या ठरलेल्या हालचाली. आज सरांनी पहिल्यांदा सांगितलं, की त्यातली मूठ कमरेशी ओढायची ती धरलेलं मनगट सोडवायला.

"आक्का, मी धरतो. तुम्ही ओढा."

त्यांनी धरलं आणि माझा हात मऊ पडला. अंगठासुद्धा आपोआप आत मिटला.

"ताकद लावा की, आक्का."

परत धरलं, परत तेच. मग आठवलं. लहानपणी बांगड्या भरताना कासारीण असंच धरायची, "सैल सोड गं, न्हायतर फुटतील." हात तेवढंच शिकलाय.

चार वर्षांपूर्वी चिकोडीच्या बसमध्ये एकानं मनगट धरलं होतं. हे कुणाला बोलले नव्हते. तेव्हाही हात असाच पडला. भीतीनं पडला असं समजून मी क्लास लावला. आज कळलं, तो सवयीनं पडला होता, आणि ती सवय जराही हललेली न्हाय.

परवाच लेकीला वडगावात बांगड्या भरायला नेलं होतं. "सैल सोड गं" असं तिला मीच म्हणाले.

तुम्ही काय म्हणता गं तुमच्या लेकींना?