आधी दोर, मग उडी

"जमेल का गो तुला?" असं सुमंगलेला कुणी विचारायची खोटी, की ते काम तिचं झालंच म्हणून समजा. कारापूरच्या या बाईने स्कूटर शिकली ती अशीच आणि विहिरीचा पंप खोलून जोडला तोही असाच. फक्त एका कामाला लग्न होऊन आल्यापासून कुणी तिला हात लावू दिला नव्हता, ते म्हणजे चवथीची माटोळी. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, परसातली फळं बांधायची. ती बांधणार चुलतसासरे कृष्णनाथकाका. सुमंगलेने खाली उभं राहून स्टूल धरायचं.

मान दुखायची ती दुखायचीच, पण काकांच्या ढिल्या गाठी बघून तिचा जीव नुसता खालीवर व्हायचा.

यंदा चौकट पुसता पुसता काका स्टुलावरून घसरले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरात गेला. तिच्या नवऱ्याला, परेशला, दोन पायऱ्या चढलं की गरगरतं. मग राहिलं कोण?

"मी बांधते," सुमंगला म्हणाली.

काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बांध. पण एक जरी खोट निघाली, तर पुढल्या वर्सा डिचोलीतून माणूस आणतलंय. मग तू आपला स्टूलच धर."

"एकच कशाला काका, दोन काढून दाखवा!"

बोलून तर गेली. हे काम तिला हवं होतं, मनापासून हवं होतं.

आता गंमत अशी, की या कामातला तिचा गुरू स्वयंपाकघराच्या खिडकीत राहायचा. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची वाट बघत ती तिथे उभी राही, तेव्हा गजावर एक कोळीण बसलेली असे. नखाएवढी, फिकट पिवळी, पाठीवर दोन तांबूस पट्टे. पुढे चार डोळे, त्यातले मधले दोन चांगले टपोरे, काळेभोर, आणि भोवती शेंदरी कडा. बोट हलवलं की बया वळून रोखून बघायची. जाळं विणून वाट बघत बसणं हिला ठाऊकच नाही. माशी दिसली की मांजरीसारखी दबकत, थांबत, आडबाजूने जवळ जायची. मग बूड टेकवून धागा चिकटवायची आणि मगच झेप घ्यायची. नेम चुकलाच, तर त्या धाग्याला लोंबकळून परत वर.

"आधी दोर, मग उडी," सुमंगला तिला म्हणायची. "आमच्या काकांना जरा शिकव गो बाये."

चवथीच्या आदल्या दिवशी तिने रानातल्या केवणीच्या झुडपाच्या सालीचे दोर भिजवून मऊ केले, एक दोर स्वतःच्या कमरेला बांधला, त्याचं टोक वाशाला अडकवलं आणि ती वर चढली.

"काय गो, म्हशीला दावं लावल्यासारखं?" काका हसले. परेशही हसला, पण स्टूल धरून.

नारळांचा घोस, तवशी, चिबूड, सुपारीचा घड, सगळं झोकात लटकलं. एक गाठ हलली नाही. काका मान वर करून खोट शोधत होते आणि ती सापडत नव्हती.

सापडली ती दुसऱ्या दिवशी, पूजा झाल्यावर. वाडीतले लोक आरतीला जमले होते, घुमटवाला आरतीत वाजवायचं मातीचं घुमट सरसावत होता. तेवढ्यात काकांनी डावं बोट वर केलं.

"कोळी! गणपतीच्या डोक्यार कोळी! घर झाडूक नाय काय गो?"

खिडकीतलीची जातबहीणच ती, रानफळांतून आलेली. एकदा पूजा झाली की विसर्जनापर्यंत माटोळीला हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज. म्हणजे खोट आता तिथेच राहणार, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पण गप्प बसेल तर ती सुमंगला कसली?

"काका, जाळा खय आसा ता आधी दाखवा."

काकांनी डोळे बारीक केले. जाळं नव्हतंच. पिकलेल्या चिबडावर माशी बसली होती आणि ही आडून आडून तिच्याकडे सरकत होती. घुमटवाल्याचा हात तसाच थांबला. कोळणीने बूड टेकवलं आणि झेप घेतली. माशी उडाली!

"गेली!" परेश ओरडला.

गेली कुठली! गणपतीच्या मुकुटाच्या वीतभर वर ती धाग्याला लोंबत होती. सरसर वर चढली, दबा धरून बसली. माशी परत चिबडावर आली आणि दुसऱ्या झेपेला सापडली.

"हाणलान मरे!" घुमटवाल्याने थाप दिली. सगळे हसले. काका तेवढे हसले नाहीत. ते एकदा त्या धाग्याकडे बघत होते, एकदा स्वतःच्या प्लास्टरकडे.

विसर्जनाच्या दिवशी माटोळी उतरवायला सुमंगला स्टुलाजवळ आली. काका दोर घेऊन आधीच उभे होते.

"थांब. दोर बांधल्याशिवाय चढायचा नाय."

"आणि डिचोलीच्या माणसाचं काय?" तिने मुद्दाम विचारलं.

काकांनी डाव्या हाताने स्टूल घट्ट पकडलं.

"त्याका कित्याक त्रास? पुढल्या वर्सा पण मीच धरतलंय. चढ तू."