बंदोबस्तकाकांचा ट्रेलर

बंदोबस्तकाकांचा पोलिसांशी काडीचाही संबंध नव्हता. ते प्लंबर. गळका नळ असो, फुटका पाइप असो, ठिबकणारी टाकी असो, काम उरकलं की पान्हा पिशवीत टाकून ते म्हणायचे, "झाला बंदोबस्त!" आणि ते अशा खणखणीत आवाजात की पाण्याचीही पुन्हा गळायची हिंमत होऊ नये. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. ऊन खाऊन खाऊन ते पाटीवरून उडालं, तरी कुणाचं काही अडलं नाही.

विनय हा गुण काकांच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्यांनी तो कधी मागितलाही नव्हता. "माझा जोड गळत नाही," हे वाक्य ते कुणी न विचारता, कुठेही म्हणायचे. न्हाव्याच्या खुर्चीत बसून म्हणायचे, स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांशी ओळख होताना म्हणाले. काकू म्हणायच्या, "पाणी थांबवता ते खरं हो, पण तुमचं तोंड थांबवणारा प्लंबर अजून जन्माला यायचाय."

आणि मग तो छापखान्याचा प्रकार झाला.

छापखान्याच्या माडीवर काकांनी तांब्याचा पाइप झाळला होता. झाळायचं म्हणजे दोन नळ्या एकमेकींत बसवायच्या, गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीने तापवायच्या आणि वितळलेलं कथील सांध्यात खेचून घ्यायचं. हे काम म्हणजे काकांच्या हातचा मळ. पण तो जोड गळला. खाली कोऱ्या कागदांचे गठ्ठे रचलेले होते, ते भिजून पावासारखे फुगले. काकांची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झालेली, दुकान आता तीच चालवायची. तिने जाऊन तो जोड कापला, नवा घातला आणि छापखानेवाल्याची बोलणीही खाल्ली.

"पाइपात पाणी उरलं असणार," काका घरी म्हणाले. "ओल्या पाइपाला झाळ धरते होय? त्याला मी काय करणार?"

"पाइप आधी रिकामा कोणी करायचा असतो, बाबा?"

"केला होता मी!"

"मग पाणी कुठून आलं? नाचता येईना, अंगण वाकडं."

काका ठासून पुन्हा म्हणाले, केला होता. मुलगी उठून पान्हे पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती टॉर्चची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावत म्हणाली, "तुम्ही आता दुकानात बसा, बाबा. फिरतीचं मी बघते. किती दिवस तुम्ही शिड्या चढणार? आणि तुमचा हात…" एवढं म्हणून ती थांबली. तो अर्धवट शब्द काकांच्या जिव्हारी लागला. वाक्य पुरं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून काका गल्ल्यामागच्या स्टुलावर. वॉशर विकायचे, टेफ्लॉनच्या टेपा विकायच्या, आणि गिऱ्हाइकाने "हे कसं बसवायचं?" विचारलं की इतकं सविस्तर सांगायचे की गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, त्यापेक्षा मुलीलाच पाठवा. मुलीला ते आता 'मालकीणबाई' म्हणत. आधी रागाने म्हणत, पुढे सवयीने. पण आतून माणूस सुकत चालला होता. जेवताना स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसायचे, आणि काकूंनी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, मीठ शोधतोय."

अशात जावई एक अडचण घेऊन आले. जावई शाळेत भूगोल शिकवायचे. स्वभावाने इतके गरीब की दुकानात सुटे पैसे मागतानाही ओशाळायचे. त्यांचा एकच शौक: रिमोटवर चालणाऱ्या गाड्या आणि नावा. रविवारी गावातल्या तळ्यावर या शौकाची मंडळी जमायची. जावयांकडे हातभर लांबीची सुबक मोटरबोट होती आणि तिच्या जोडीला रिमोटचा ट्रक. पण नाव पाण्यात सोडायची म्हणजे बाळाला आंघोळ घालावी तशी दोन्ही हातांवर धरून गुडघाभर पाण्यात उतरायचं. बाकीच्यांकडे नावेचे ट्रेलर होते, म्हणजे नाव ठेवून ट्रकमागे जोडायच्या चाकांच्या गाड्या. ट्रक ट्रेलरला मागे ढकलत फरशीच्या उतारावरून पाण्यात न्यायचा, ट्रेलर बुडायचा, नाव वरच्या वर तरंगत सुटायची. अगदी खऱ्यासारखं.

"असा ट्रेलर विकत मिळतो, पण माझ्या नावेच्या मापाचा मिळत नाही," जावई म्हणाले. "कुठे करून मिळेल का, बाबा?"

काका स्टुलावरून उठले. पितळी नळ्यांची चौकट, सगळी झाळून करायची. डोळ्यांपुढे ट्रेलर उभाच राहिला. आणि त्या ट्रेलरमागे मुलगी उभी राहिली. हात, म्हणाली होती ना? बघ म्हणावं मग हात. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

"कुठे म्हणजे काय?" ते म्हणाले. "मी करतो."

काकांनी मग दुकानामागच्या खोलीत ठाण मांडलं. आधी खऱ्या नावांचे ट्रेलर उभे असतात तिथे टेप घेऊन गेले, दोन ट्रेलरांच्या खाली सरपटून मापं घेतली, आणि रखवालदाराने हटकलं तर त्यालाच टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. सगळं खऱ्याच्या एक दशांश. चौकटीला घेतल्या पडद्यांच्या जुन्या पितळी दांड्या, आतून पोकळ, अंगाने पातळ. नाव अलगद सरकावी म्हणून रबरी वॉशर ओळीने ओवून त्यांचे रूळ केले. नाव ओढून घ्यायला नळाच्या जुन्या दांड्याचं रहाट. प्लास्टिकचा पाइप उभा चिरून चाकांवरचे मडगार्ड. मागचे दिवे म्हणजे काकूंच्या तुटलेल्या माळेतले लाल मणी. माळ आधी तुटली की दिव्यांची गरज आधी लागली, यावर घरात अजून एकमत नाही. नंबरप्लेटवर दुकानाचा फोन नंबर. चाकांना जावयांनी दिलेले टायर, आत स्पंज कोंबून कडा चिकटवून पक्के केलेले.

पण काकांचा सगळा जीव होता जोडांत. चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्याला जोड, प्रत्येक आडव्या दांडीला दोन्ही टोकांना जोड. पितळ घासून चकचकीत करायचं, बोटसुद्धा लागू द्यायचं नाही, ज्योत सांध्याभोवती फिरवायची आणि नेमक्या क्षणी काढून घ्यायची. हात थरथरत नव्हता. काकांनी तो मुद्दाम निरखून बघितला, अगदी परक्याचा असल्यासारखा. नव्हता थरथरत.

शेवटचा जोड सगळ्यांत खट्याळ. बाकी सगळं बंद झालेलं असतं, आतली हवा तापते आणि वितळलेलं कथील बाहेर थुंकते. काकांनी दांडीला सुईच्या अग्राएवढं भोक ठेवलं, हवेला तिथून वाट दिली, जोड झाळला, सगळं गार होऊ दिलं आणि मग त्या भोकावर कथलाचा एक ठिपका ठेवला. खसखशीच्या दाण्याएवढा.

परीक्षाही घेतली. काकूंच्या कपड्यांच्या टबात कढत पाणी ओतून चौकट त्यात धरली. जोड कच्चा असेल तर आतली हवा तापून बुडबुडे सुटतात. एक बुडबुडा नाही. काका हातमोजे घालून चौकट दोन्ही हातांनी दाबून बसले होते आणि चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा.

"इतकं दाबायला काय लागतंय?" काकूंनी विचारलं. "सारखं वर काय येतंय ते?"

"तुला नाही कळायचं," काका म्हणाले. कळायला त्यांनाच हवं होतं, पण त्यांची नजर बुडबुड्यांवर होती.

रविवारी काका स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून तळ्यावर गेले. मुलगी कधी तिथे फिरकायची नाही, पण "मालकीणबाईंनी यायचंच" असं त्यांनी आदल्या दिवसापासून लावून धरलं होतं. ट्रेलर पाहून सगळी मंडळी भोवती गोळा झाली. त्यातले म्होरके म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांना सगळे 'कप्तान' म्हणत. त्यांनी रूळ फिरवून पाहिले, रहाट फिरवून पाहिलं, लाल दिव्यांना हात लावला आणि म्हणाले, "काका, मानलं तुम्हाला!"

"अजून पाण्यात कुठे गेलाय?" काका म्हणाले. "पाण्यात बघा."

जावयांनी ट्रक मागे घेतला. ट्रेलर उताराला लागला, चाकं भिजली, नाव डुलली आणि तरंगली. आता ट्रेलरने खाली राहायचं होतं. पण नाव वर आली तसा ट्रेलरही वर आला. नाव आणखी मागे गेली, तसा ट्रेलरचा हूक ट्रकवरून निसटला आणि नाव निघाली ती ट्रेलर पोटाशी धरूनच. जावयांनी डावीकडे वळवली, ट्रेलर डावीकडे. उजवीकडे वळवली, ट्रेलर उजवीकडे. तळ्याच्या मधोमध जाऊन दोघांनी एक फेरी घेतली, लाल दिवे आणि फोन नंबरासकट.

"काका, हा ट्रेलर आहे की तराफा?" कप्तानांनी विचारलं, आणि सगळा काठ हसला.

काकांच्या पायांखालची जमीन सरकली. हवाबंद चौकट, हवाबंद चाकं, बुडणार कशी? टबात आपण दोन्ही हातांनी काय दाबत होतो ते त्यांना आता लख्ख कळलं. शाळेतल्या पोराला कळलं असतं. ट्रेलर बुडायला हवा होता आणि त्यांनी तो जन्माच्या सवयीने पाणीबंद करून ठेवला होता. त्यांना कप्तानांचं काही वाटलं नाही. त्यांना मुलीकडे बघायचं धाडस होईना. आता ती ते वाक्य पुरं करणार, असं त्यांना वाटलं.

मुलगी हसत नव्हती. नाव काठाला आल्यावर ती चप्पल काढून पाण्यात उतरली, नाव नवऱ्याच्या हातात दिली आणि ट्रेलर उचलून कानाशी नेऊन हलवला. मग दुसऱ्या बाजूने हलवला. मग एकेका जोडावरून अंगठ्याचं नख फिरवत गेली. त्या बारीक ठिपक्यापाशी नख थांबलं.

"हा शेवटचा?"

"हो."

"हवेने उडवला नाही?"

"गार होऊ दिलं आधी," काका म्हणाले.

तिने मागे वळून मंडळींकडे पाहिलं. "हसताय काय? अख्खं तळं फिरून आला, एक थेंब आत गेलेला नाही. तुमच्यातल्या एकाने तरी असा एक जोड मारून दाखवावा."

कप्तान म्हणाले, "पण बाई, तो बुडायला तर पाहिजे."

जावयांच्या पेटीत हाताने फिरवून भोकं पाडायचं गिरमिट होतं. ते त्यांनी सासऱ्यांपुढे धरलं. काकांनी हात मागे घेतले. "जन्मभर भोकं बुजवली. आता आपल्याच कामाला पाडू? माझ्याने व्हायचं नाही."

"द्या इकडे," मुलगी म्हणाली.

"थांब. खालच्या अंगाला पाड. आणि नुसतं खाली पाडून भागायचं नाही, हवा कुठून जाईल? वरही एक हवं. चाकांनासुद्धा." एवढ्यातही ते सांगायचे थांबले नाहीत.

तिने खालून भोक पाडलं आणि चौकट त्या बाजूला कलती धरली. पितळेचा भुसा पडला, कोरडा. ती तशीच धरून राहिली, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. काही ठिबकलं नाही. काका शेजारी उभे होते, आणि इतके दिवस दडवलेली गोष्ट त्यांच्या तोंडून सहज निघून गेली.

"छापखान्यातला पाइप मी रिकामा केला नव्हता. घाई केली."

"माहीत आहे मला, बाबा. कापला तेव्हाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कबूल करायची वाट बघत होते. तुम्ही ठासून नाकारलंत, तेव्हा मला वाटलं, हातच गेला म्हणून तुम्ही झाकताय." ती दुसरं भोक पाडू लागली. "हात गेला असता तर काय करणार होते मी? घाईवर इलाज आहे."

पुढच्या खेपेला ट्रेलर बुडाला. बुडबुडे सोडत, झोकात, अगदी लाल दिव्यांपर्यंत बुडाला, आणि जावयांची नाव मोकळी होऊन तळ्यात शिरली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मान लववून त्या घेतल्या; टाळ्या परत करायची त्यांची पद्धत नव्हती. कप्तानांनी तर तिथल्या तिथे आपल्या नावेसाठी ट्रेलर सांगून टाकला. काका म्हणाले, "करतो, पण रांगेत उभं राहावं लागेल."

काठावर मुलगी रुमालाने पाय पुसत होती. वर न बघता म्हणाली, "उद्या लाँड्रीत गरम पाण्याची लाइन टाकायची आहे. सगळी तांब्याची. जोड भरपूर आहेत."

"भरपूर म्हणजे?"

"मला एकटीला उरकायचे नाहीत इतके."

हे साफ खोटं होतं. तिला दुप्पट उरकले असते, त्यांनीच तर शिकवलं होतं. काकांचे डोळे भरून आले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने त्यांनी ते पुसले.

"बघावं लागेल," ते म्हणाले. "दुकानातून सुटी मिळायला हवी. आमच्या मालकीणबाई फार कडक आहेत."

"मिळाली," मुलगी म्हणाली. "आणि सकाळी लवकर या. तुम्ही आल्याशिवाय मी टॉर्च पेटवणार नाही."