टेबलावर राहिलेले तुकडे

पिवळ्या खुणेचा आणखी एक खांब आला, तसा दादा त्याच्या चौथऱ्यावर टेकला. बस चुकली म्हणून आम्ही दोघं जमिनीखालून गेलेल्या गॅसच्या पाइपाच्या कडेकडेनं घरी चाललो होतो.

"दमलास?"

"पाय नाही दमले गं, चिमे." माझे केस पिकले तरी त्याच्या लेखी मी चिमीच.

माझा हा थोरला भाऊ पोलाद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. पोलादाचे तुकडे यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायचे, जन्मभर हेच काम. वहिनी म्हणते, "घरातलं एक स्टूल जोडता येत नाही, आणि तोडायचा पगार घेतात!"

आता या जुन्या पाइपातून हायड्रोजन सोडायचं ठरलंय, आणि त्याच्या पोलादाचे तुकडे तपासायचं काम दादाकडे आलं होतं.

"तो पोलादात मुरतो," दादा म्हणाला. "ताकद मोजलीस तर जवळपास तेवढीच भरते. पण चांगलं पोलाद तुटण्याआधी लांबतं, कमरेत बारीक होतं. मुरलेलं मात्र एखाद्या बारीक चिरेपासून कटकन जातं."

"मग तुझे तुकडे कसे तुटले?"

तो हळूहळू सांगू लागला. हायड्रोजनमधून काढलेले तुकडे लगेच ओढायचे असतात. नेमकं तेव्हाच वहिनी चक्कर येऊन पडल्याचा फोन आला. तुकडे टेबलावर टाकून हा धावला. वहिनी सावरल्यावर कामावर गेला, तोवर मुरलेला वायू उडून गेला होता. यानं तुकडे तसेच ओढले. ते छान लांबले. पाइप पास झाला, साहेबांनी पाठ थोपटली.

"बोलला का नाहीस?"

"तेव्हा डोकं ठिकाणावर होतं का माझं? उमगलं तेव्हा निवृत्ती तोंडावर आलेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं अंगात त्राण नाही गं. आणि परवा वायू सोडतायत."

पाइप पुढे घरांच्या रांगेखालून जात होता. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. दादाला ते बरोबर कळलं.

"देवाला कशाला मध्ये घालतेस? तुकडे मी ठेवले."

"तोंडही तूच उघडायचंस. मी तेवढं बळ मागतेय."

उठायला त्यानं हात पुढे केला. मी ओढला.

"हळू, तुटेन!" तो हसला, पण हात सोडला नाही. "चिमे, उद्या प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर ये. आत मी एकटा जाईन. फक्त मागे फिरलो, तर वाट अडव माझी."