कळीपुरता चष्मा

मंडळी, शिरड शहापूरहून थेट नेट कॅफेत आलोय. डोकं फिरलंय.

माझी माय परदेशी कंपनीच्या बियाणे प्लॉटवर संकरित बियाण्यासाठी कपाशीच्या कळ्या नखानं सोलते. आज तिथं कंपनीनं कामगार बायांचे डोळे फुकट तपासले. बॅनर, चहा, फोटो, सगळं होतं.

फक्त अक्षरांचा तक्ता नव्हता! साहेबानं प्रत्येकीच्या हातात कळी दिली. "नीट दिसते का?" ज्या चष्म्यातून दिसली, तो पक्का.

माय म्हणाली, "साहेब, मला एसटीची पाटी बी दिसत न्हाई."

"मावशी, लांबचं या शिबिरात नाही."

माय खूश हाय. पण परतताना स्टँडवर, नवा चष्मा लावून तिनं मलाच विचारलं, "ही गाडी हिंगोलीची का रं?"

तुमीच सांगा, हा चष्मा मायचा का कंपनीचा?