अवैध वाहन

देश आपल्या जवानाला कधीही विसरत नाही. माझ्या मामाच्या बाबतीत मी याचा साक्षीदार आहे. तो जिवंत असल्याचा दाखला देश दर वर्षी न चुकता मागवतो.

मामा मूळचा सटाण्याचा. पलटणीत ट्रक चालवायचा. सीमेवर सुरुंगात त्याचा उजवा पाय गुडघ्यावरून गेला, आणि नव्वदच्या दशकात त्याला नाशिकला एसटी स्टँडजवळ टेलिफोनचा बूथ मिळाला. रोज सकाळी मामी त्याला मोपेडवर मागे बसवून तिथं सोडायची, संध्याकाळी परत आणायची. कुबड्या कवटाळून मागं बसणं त्याला सहन होत नव्हतं. तसं तो बोलला नाही कधी. फक्त प्रत्येक चढाला मामीला "गिअर बदल" म्हणायचा. मोपेडला गिअर नव्हते.

पुढं सरकारी योजनेतून त्याला स्कूटर मंजूर झाली. मागच्या चाकाला दोन्हीकडून जोडचाकं, पायाचा ब्रेक हातावर आणलेला. ती देण्याच्या सोहळ्यात पाच भाषणं झाली. हँडलला इतके हार होते, की ब्रेक कुठं आहे ते मामाला घरी आल्यावर सापडलं. अट एकच होती: महिनाभरात नोंदणीचा कागद आणा, नाहीतर स्कूटर परत.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे घरातले सगळे सरकारी अर्ज माझ्याकडे. मी फॉर्मवर नियमांत छापलेला इंग्रजी प्रकार लिहिला, 'इन्व्हॅलिड कॅरेज', म्हणजे अपंगांचं वाहन. परिवहन कार्यालयात तेव्हा मराठीतून कारभाराचा जोर होता. कारकुनानं मन लावून भाषांतर केलं. वाहनाचा प्रकार: अवैध.

शेजारच्या खिडकीनं तो कागद वाचला आणि नंबर द्यायला नकार दिला. अवैध वाहन रस्त्यावर आणता येत नाही, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. तीन आठवडे आम्ही या दोन खिडक्यांमध्ये ये-जा केली. शेवटी मी शाळेतला शब्दकोश घेऊन गेलो.

कारकुनानं बोट ठेवून वाचलं. "दोन अर्थ दिलेत, सर. मी पहिला घेतला. यात माझी चूक काय?"

"चूक नाहीच," मामा कुबडीवर रेलून म्हणाला. "मला अवैध म्हणा, भाऊसाहेब. पलटणीत याहून वाईट म्हणायचे. पण गाडी सरकारनंच दिलेली शे. मग सरकारबी अवैध लिहाल का?"

कारकुनानं साहेबांच्या केबिनकडे पाहिलं, हसू दाबलं आणि लाल शाईचं पेन काढलं. 'अवैध' खोडून वर 'अपंगांचे' लिहिलं, बाजूला सही केली, शिक्का मारला. शेजारच्या खिडकीनं नंबर दिला, तेव्हा मुदतीला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मामा एकटा निघाला. मी सायकलवर मागं होतो, पण त्याला ते सांगितलं नव्हतं. सिग्नलला तो उगाचच हॉर्न वाजवत होता. वळताना हात अख्खा बाहेर काढून इशारा देत होता, आपण ट्रकमध्ये असल्यासारखा. स्टँडजवळच्या चढावर त्यानं एका रिक्षाला मागं टाकलं आणि मग कितीतरी वेळ आरशात तिच्याकडे बघत राहिला.

बूथसमोर त्यानं स्कूटर लावली, कुबड्या घेतल्या, उतरला. मला बघून रागावलासुद्धा नाही. "मास्तर, पाहिलं का? कुणी सोडायला लागलं नाही!"

बूथची किल्ली मामीच्या पर्समध्ये होती.