खदान बंद असताना तडकलेली काच

भुताचा अनुभव सांगणाऱ्याला मी आजवर एकच प्रश्न विचारत आलोय — कितव्या पेगनंतर? सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस मी, अंबडला घरांचे नकाशे काढून देतो. भिंत हलली तर तिला कारण असतं, एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहितो.

माझी गयामावशी अंबडपासून टू-व्हीलरवर अर्ध्या तासावर राहते. घरामागे दोन शेतं सोडली की दगडाची खदान, तिला लागूनच खडीचा क्रशर. रोज दुपारी दीडला भोंगा वाजतो आणि सुरुंग उडतो. मांडणीवरची भांडी खणखणतात, ताटातल्या भाकरीवर धूळ बसते. मावशीची सहा वर्षांची नात आरू सारखी खोकते, तिचा श्वासाचा पंप देवळीत दिव्याशेजारी ठेवलेला असतो. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. भोंगा झाला की मावशी आरूला घेऊन अंगणात कडुनिंबाखाली जाऊन उभी राहते.

तक्रारी केल्या. खदानवाल्याचं म्हणणं, भेगा जुन्याच आहेत. शेवटी कशीबशी तहसीलच्या साहेबांकडून पाहणीची तारीख मिळाली. मी म्हटलं, पुरावा आपण देऊ. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची. भिंत हलली की काच तडकते, साधी गोष्ट. पहिली पट्टी तिसऱ्याच दिवशी तडकली. मी खूश! पाहणीसाठी नवी लावली, साहेबांच्या डोळ्यांदेखत तडकेल म्हणून.

इथेच माझी अक्कल कमी पडली. पाहणीच्या चार दिवस आधी खदान बंद झाली.

"साहेब येऊन राह्यले ना, म्हून गप बसलेत," मावशी म्हणाली. "पर चार दिवस पोरगी बराबर झोपली बघ. तेवढं तरी लिहून घ्या म्हनावं त्याह्यला."

ते कोण लिहून घेणार!

साहेब एकच्या सुमारास आले. भेग पाहिली, अखंड काच पाहिली, चहा घेतला. खदानीकडून चिमणीचाही आवाज नाही. आरू कोपऱ्यात चित्र काढत बसली होती. ती अचानक उठली आणि मावशीचा पदर ओढायला लागली.

"आज्जी, चल ना. भोंगा झाला."

भोंगा झाला नव्हता. आम्ही सात-आठ माणसं होतो, कुणीही ऐकला नाही. मावशी मात्र सवयीने उठली आणि तिला घेऊन बाहेर गेली. मी घड्याळ पाहिलं — दीड. मग मांडणीवरची भांडी खणखणली. साहेबांच्या हातातली बशी थरथरली. आणि सगळ्यांसमोर काच टक्कन तडकली. स्फोट नाही, धूर नाही... काहीच नाही!

अंगावर काटा आला. पण खरं सांगू? आनंदही झाला. म्हटलं, दिसलं ना साहेबांना!

आम्ही सगळे खदानीवर धावलो. फाटकाला कुलूप. वॉचमन पत्र्याखाली झोपलेला. आत मशीन थंड, चार दिवसांच्या धुळीत फक्त कुत्र्याची पावलं. रस्त्याला एकही ट्रक नव्हता. भूकंपाची नोंद नंतर शोधली, तीही सापडली नाही.

साहेब घाम पुसत म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर ना? आज इथे ब्लास्ट झाला का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काच कशानं तडकली?"

"माहीत नाही."

त्यांनी तेच लिहिलं. खदान बंद असताना भिंत हलली, म्हणजे कारण खदान नाही. पंचनाम्याखाली पंच म्हणून माझी सही आहे.

मावशी भांडली नाही. मला चहा दिला आणि म्हणाली, "मंग तू म्हनायचं व्हतं ना, झाला ब्लास्ट म्हून?"

म्हणायला हवं होतं का? मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, सुरुंग उडाला. मी लावलेली नवी पट्टी त्याच आठवड्यात तडकली. आरूचा पंप पुन्हा सुरू झाला. त्या दुपारी काय झालं याचं उत्तर माझ्याजवळ नाही, कुणाजवळ असेल तर जरूर सांगा. बाकी रोज दुपारी काय होतं याचं उत्तर आहे... ते विचारायला कोणी येत नाही.