बिनसेलचं यंत्र

आमचा झुलाल जळगावात शाळेत विज्ञान शिकवायचा. माझा धाकटा भाऊ म्हणून सांगत नाही, डोक्याने तेज आणि व्यवहारात शुद्ध बावळट. त्याची बायको मंजुळा रोज इन्सुलिन टोचून घ्यायची. रक्तातली साखर तपासायचं यंत्र मुंबईहून आणवलं होतं, पण त्याचा बटणाएवढा सेल संपला की जळगावभर हिंडूनही मिळायचा नाही.

तेव्हा या पठ्ठ्याच्या डोक्यात शिरलं, की रक्तातल्या साखरेपासूनच वीज काढायची. यंत्र त्या विजेवर चालेल, आणि साखर किती तेही तीच वीज सांगेल. सेलची कटकटच नको! शाळेच्या प्रयोगशाळेत ग्लुकोजचं पाणी, यीस्ट, कार्बनच्या कांड्या आणि वीज मोजायचं काट्याचं मीटर घेऊन बसायचा.

"मग मंजुळावर रेडिओ पण लाव की," मी चिडवायचे.

मंजुळा पोट धरून हसायची. "लावू द्या, अक्का. गाणी तरी ऐकेन."

चौऱ्याण्णवची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. यंत्र कधीचं बंद पडलेलं. मंजुळाने सकाळी इन्सुलिन घेतलं आणि पुरणपोळ्यांना बसली. पितरांची घागर पुजून नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास घेत नाही, आणि घागर पुजणारा झुलाल प्रयोगशाळेत! दुपार कलली. मंजुळाला घाम फुटला, हात थरथरू लागले, जीभ अडखळली.

"आत्याबाई, गूळ द्या थोडा," ती सासूला म्हणाली.

आमची आई धुळ्याकडची, भोळी. साखरेचा आजार, म्हणजे साखरच चढली असणार, असं तिला वाटलं. "गोडच तुना वैरी शे, माय," म्हणत तिने गुळाचा डबा फळीवर सरकवला, मंजुळाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने वारा घालत बसली.

मी सणाला मुक्ताईनगरहून येऊन दारात पाय ठेवते, तोच झुलाल धावत आला. "काटा हलला, अक्का! साखरेवर काटा हलला!"

आत मंजुळाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने खिशातली ग्लुकोजची पुडी फोडून तिच्या तोंडात ओतली. तिला गिळता येईना. सगळी पुडी ओठांवरून सांडली.

दवाखान्यात सगळं संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "अहो, साखर उतरली होती. वेळेवर गुळाचा खडा जरी दिला असता..."

झुलालने त्यांचा हात दाबला. "हळू बोला, साहेब. आई बाहेर बसलीय."

त्या प्रयोगाला त्याने पुन्हा हात लावला नाही. गाढव माझ्याजवळसुद्धा रडला नाही, त्याचा मला अजून राग येतो. आई मात्र भेटायला येईल त्याला सांगते, आणि तो शेजारी बसून मान डोलावतो.

"मी तिले शेवटपावत जपं. गूळ मांगत व्हती माय, पन मी कण बी दिधा नही."